सोबतच्या माणसाला बाहेर बसवा: बॉण्डवर येणाऱ्या डॉक्टरांसाठी

बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात मी पहिला प्रश्न विचारते तो असा: ओपीडीत पेशंटसोबत आलेल्या माणसाला तुम्ही बाहेर कसं काढता? बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. मागच्या खेपेला एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं पेशंटलाच आत घ्यायला जागा नसते." सगळे हसले. मीही हसले, कारण त्याचं खरं होतं. पण देहव्यापारात विकल्या गेलेल्या, अडकवल्या गेलेल्या मुली ओळखायला शिकायचं असेल, तर सुरुवात या प्रश्नापासूनच होते. पुस्तकातली लक्षणं आणि कलमं त्यानंतर.

हे मला कळायला सहा वर्षं लागली. ती कशी लागली ते आधी सांगते.

मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. २०१३ साली बॉण्डची पोस्टिंग मिळाली ती मराठवाड्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात. डिसेंबरचे दिवस होते. गावंच्या गावं उसाला गेलेली, ओपीडी एरवीपेक्षा हलकी. चाळिशीतली एक बाई एका पोरीला घेऊन आली. केसपेपरवर वय १९. पोरगी स्टुलावर बसली आणि बाई तिच्या मागे, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी पोरीला विचारलं, काय होतंय? उत्तर बाईनं दिलं. "लई दिस झालं, अंगावरून जायलंय. ओटीपोट दुखायलंय." लग्न झालंय का? "व्हय, झालंय की." तुम्ही कोण? "मावशी." मी तपासलं, ओटीपोटाच्या संसर्गाचं पिवळं किट दिलं आणि कॉलेजात शिकवल्याप्रमाणे सांगितलं, नवऱ्यालाही उपचार घ्यावे लागतील, त्याला पाठवून द्या.

ती बाई हसली. मला वाटलं, लाजली.

पाच-सहा आठवड्यांनी दोघी पुन्हा आल्या. तक्रार तीच. त्या दिवशी गर्दी होती, मी मान वर न करता लिहिलं आणि त्या गेल्या. नंतर आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ही तीच पोरगी. मनगटावरचा चट्टा बघितला नाही का तुम्ही?" रजिस्टर काढलं. पहिल्यांदा एक नाव होतं, दुसऱ्यांदा वेगळं. पहिल्यांदा गाव केज तालुक्यातलं, दुसऱ्यांदा औसा तालुक्यातलं. वय दोन्ही वेळा १९. तोवर तासभर होऊन गेला होता. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "कशाला लचांड मागं लावून घेता? औषध दिलं ना? झालं तर." मी गप्प बसले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा येऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि मी तो परीक्षेपुरता पाठही केला होता. ती पोरगी कोण होती, पुढे तिचं काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. कदाचित संशय चुकीचाही असेल. पण तो तपासायला मला दोन संधी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी फक्त किट दिलं.

२०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. देहव्यापारातून सुटलेल्या स्त्रियांना विचारलं होतं की त्या काळात तुम्ही कधी डॉक्टरकडे गेला होता का. ८७.८ टक्के जणींनी हो म्हटलं. तिथली गोष्ट तिथली, आपल्याकडे ती जशीच्या तशी लावता येणार नाही. तरी हा आकडा मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिते आणि खाली काहीच लिहीत नाही. बसू दे जरा समोर.

मराठवाड्यात काम करायचं तर इथली माती समजून घ्या. इथे व्हॅनमध्ये कोंबून पळवून नेण्याचे प्रकार सिनेमातच जास्त. नेणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. लग्नाचं आमिष दाखवणारा असतो, पुण्यात धुण्याभांड्याचं काम लावून देतो म्हणणारी गल्लीतलीच कुणी असते, कधी सख्खं नात्यातलं. ऊसतोडीचं गणित तुम्हाला माहीत असेल: नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिवाळीच्या आसपास निघायचं आणि उन्हाळा लागता लागता परतायचं. मोठी होत असलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लग्न लवकर उरकायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ व्या वर्षाआधी लग्न झालेल्या २० ते २४ वयाच्या स्त्रिया राज्यात २१.९ टक्के होत्या, एकट्या बीडमध्ये ४३.७ टक्के. यातली एखादी नवऱ्यानं टाकली की माहेरी ओझं, सासरी दार बंद. अशा बाईला 'कामाला लावतो' म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. उसाला जाणारी प्रत्येक बाई धोक्यात आहे असा याचा अर्थ नाही, आणि तसं कुणाच्या तोंडावर बोलूही नका. पण कोणाकडे लक्ष ठेवायचं, ते यावरून कळतं.

माझ्या अनुभवात अशी मुलगी आपल्या दवाखान्यात तीनदा येते. एकदा जाण्याआधी. पंधरा-सोळा वर्षांची, गरोदर, सोबत आई, 'नवरा' पुण्याला असतो असं सांगणारी. एकदा मधल्या काळात, माझ्यासमोर आली तशी. बुधवार पेठ आणि कामाठीपुरा सगळ्यांना ठाऊक असतात, पण हायवेवरचे लॉज आणि भाड्याच्या खोल्या आपल्या तालुक्यातही आहेत, आणि तिथल्या बाईला ताप आला की ती आपल्याच दारात येते. तिसऱ्यांदा येते ती परतल्यावर, टीबी, एचआयव्ही किंवा झोप उडाल्याची तक्रार घेऊन, कधी दंडावर कुणाचं तरी नाव गोंदवलेलं. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेकडे कुणी तस्करीच्या चष्म्यातून बघत नाही. मला तर वाटतं, ग्रामीण डॉक्टरचं सगळ्यात मोठं काम पहिल्या वेळचं आहे.

माझे डोळे उघडले ते घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. मुंबईची सेहत ही संस्था बऱ्याच वर्षांपासून तिथल्या आणि मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातल्या डॉक्टर-नर्सना हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांशी कसं बोलावं, त्यांची काळजी कशी घ्यावी हे शिकवत आली आहे. त्या कामातून तयार झालेल्या एका मॅडमच्या दोन दिवसांच्या वर्गाला २०१९ मध्ये मी बसले. कॉलेजात न्यायवैद्यक शिकताना आम्ही 'कौमार्याच्या खुणा' पाठ केल्या होत्या, चक्क आकृतीसकट. त्याच २०१९ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो भाग अभ्यासक्रमातून काढला. माझ्यासारख्या, त्याआधी पास झालेल्यांच्या डोक्यातून तो कोण काढणार?

त्या वर्गातलं एक नाटुकलं अजून आठवतं. एक सर्जन मुकादमासारखा माणूस झाले होते, गळ्यात गमछा वगैरे. एक इंटर्न मुलगी पेशंट. आणि वीस वर्षं प्रॅक्टिस केलेले स्त्रीरोगतज्ज्ञ सर डॉक्टर. सरांचं काम एकच, गमछावाल्याला बाहेर काढायचं.

"आपण जरा बाहेर बसता का?"

"न्हाई. माझी भाची हाय ती. मला कळाया पायजे काय झालंय."

"तपासणी करायची आहे."

"करा की. मी तोंड तिकडं करतो."

सर चिडले. आवाज चढला. गमछावाला आणखी चढला. शेवटी तो म्हणाला, "चल गं, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ," आणि 'पेशंट'ला हाताला धरून घेऊनच गेला. वर्गात आधी हशा, मग एकदम शांतता. तीच पोरगी, तोच दवाखाना, आणि आपण तिला स्वतःच्या तोंडानं परत पाठवलं होतं.

मग मागच्या बाकावरच्या एक सिस्टर उठल्या. वाशीच्या की भूमच्या होत्या, आठवत नाही. त्या आल्या, हातात कागद, आणि एका दमात म्हणाल्या, "मामा, बाराला खिडकी बंद होती. हा कागद घ्या, आधारची झेरॉक्स लावा, शिक्का मारून आणा. मग सोनोग्राफी." गमछावाला सर्जन उठून चालायला लागला. सवयीनं उठलो, असं त्यांनी नंतर कबूल केलं.

सरकारी दवाखान्यात खिडकीला, शिक्क्याला आणि झेरॉक्सला जी ताकद आहे ती डॉक्टरच्या विनंतीत नाही. ती वापरा. लघवीच्या नमुन्यासाठी पोरीला सिस्टरसोबत पाठवा, वजन-उंची आतल्या खोलीत घ्या, सोनोग्राफीच्या दारावर 'फक्त रुग्ण' अशी पाटी लावा. माझा सल्ला मात्र असा की नियम सगळ्यांसाठीच करा. प्रत्येक बाई पेशंटला पाच मिनिटं एकटीला बघायचं, मग ती सरपंचाची सून असो की कुणी. नियम सरसकट असला की कुणाला संशय येत नाही आणि आपल्यालाही दरवेळी नाटक करावं लागत नाही. शिवाय त्या पाच मिनिटांत नवऱ्याच्या मारापासून सासरच्या छळापर्यंत जे बाहेर येतं, त्यासाठीच हा नियम असायला हवा होता.

पेशंट परभाषिक असेल, कानडी, तेलुगू, बंगाली, तर सोबतच्या माणसाला दुभाषा करू नका. सीमाभागात कानडी-तेलुगू येणारी एखादी सिस्टर किंवा मावशी असतेच. फोनवरही काम भागतं.

आता पाच मिनिटं मिळाली. काय विचाराल? "तुला कुणी विकलंय का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणार. तिच्या मते तिला कुणी विकलेलंच नसतं. कर्ज फेडायचं असतं, किंवा 'त्यानं' लग्न करतो म्हटलेलं असतं. मी साधं विचारते. जेवण कोण करतं? झोपायला कुठं? खोलीचं दार आतून लागतं की बाहेरून? मोबाइल तुझ्याजवळ असतो का? आईशी शेवटचं कधी बोललीस? पैसे हातात येतात की कुणी ठेवून घेतं? आणि शेवटी: उद्या म्हणालीस की हे काम सोडते, तर काय होईल? दाराचा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडलाय. त्याला विचार न करता उत्तर येतं.

शरीरावरचं वाचायलाही शिका. वारंवार होणारा ओटीपोटाचा संसर्ग, थोड्या थोड्या अंतरानं गर्भपात, जुनी न बसवलेली हाडं, सिगारेटचे गोल डाग, वयाच्या मानानं पडलेले दात. पाळीच्या दिवसांतही काम थांबू नये म्हणून आत कापूस किंवा स्पंजचे तुकडे ठेवायला लावतात. ते आत राहतात आणि बाई असह्य दुर्गंधीची तक्रार घेऊन येते. असा तुकडा निघाला तर नाक मुरडू नका आणि 'स्वच्छता ठेवत जा' असं व्याख्यानही देऊ नका. हे कसं राहिलं, एवढंच हलकेच विचारा आणि थांबा.

यातली कुठलीही एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. चारपाच एकत्र दिसल्या की कान टवकारायचे, इतकंच. आणि देहविक्री करणारी प्रत्येक सज्ञान स्त्री तस्करीची बळी असते असंही नाही. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना त्रास देऊ नये, आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेसारखे उपचार लगेच मिळावेत असं बजावलं आहे. त्या बाईला 'सोडवायला' निघालेला डॉक्टर तिला नको असतो. तिला तिचं औषध हवं असतं आणि नावानं हाक हवी असते.

अल्पवयीन असेल तर मात्र प्रश्न वेगळा. १८ च्या आतली मुलगी आणि लैंगिक अत्याचाराचा संशय, एवढं पोक्सोच्या कलम १९ ला पुरतं. कळवायचंच. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखाला त्याहून जास्त. तिनं स्वतः 'हो' म्हटलं होतं, या बचावाला इथे अर्थ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही मानवी तस्करी ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेत हेच कलम ३७० होतं, जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पण कळवायचं म्हणजे ओपीडीतून ओरडायचं नाही. तिला वैद्यकीय कारणासाठी भरती करा. कारण खोटं लागत नाही, हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमच असतं. सोबतच्या माणसाला 'सलाइन लावलंय, उद्या सोडू' एवढं सांगा, आणि आतून १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला आणि पोलिसांना फोन करा. पुढे बालकल्याण समिती आणि जिल्ह्याचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष बघतो. सोबतच्या माणसाशी भांडू नका, त्याला जाब विचारू नका. ते काम पोलिसांचं. एका उत्साही इंटर्ननं असा जाब विचारला होता. दहा मिनिटांत दोघं रिक्षात.

सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. बलात्काराची माहिती पोलिसांना कळवणं दवाखान्याला बंधनकारक आहे, पण तक्रार द्यायची की नाही हे ती ठरवणार, आणि ती नको म्हणाली तर तसं तिच्या सहीनं नोंदवायचं. तिनं नको म्हटलं म्हणून उपचार थांबत नाहीत. सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्यानं ते मोफत दिलेच पाहिजेत. नाकारले तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हे वाक्य खासगी हॉस्पिटलच्या मित्रांना आवर्जून ऐकवा.

तिच्या हातात माहितीपत्रक, कार्ड, चिठ्ठी काही देऊ नका. पिशवी तपासली जाते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा आकडा पाठ करून घ्या, तीनच तर आकडे आहेत. आणि पुढची तारीख जवळची द्या. महिन्यानं नाही, तीन दिवसांनी. 'ड्रेसिंग', 'रिपोर्ट', 'इंजेक्शनचा दुसरा डोस', काहीही. पहिल्या भेटीत कुणी मन मोकळं करत नाही. दुसऱ्या भेटीला ती आली, तर ती ड्रेसिंगसाठीच आली असं धरून चालू नका.

आता छाप्यानंतर पोलीस मुली घेऊन येतात त्याबद्दल. हे तुमच्या रात्रपाळीत कधी ना कधी होणारच. पाच मुली, दोन महिला शिपाई, एक हवालदार घाईत, "मॅडम, लवकर उरका, कोर्टात हजर करायचंय." मुली कृतज्ञ वगैरे नसतात. एखादी शिव्या देते, एखादी भिंतीकडे तोंड करून बसते. त्यांना तुम्ही आणि पोलीस एकच दिसता. पहिलं काम: पाणी, चहा-बिस्किट, संडास दाखवणं. मग एकेकीला आत. पोलीस बाहेर, महिला शिपाईसुद्धा. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सोच्या कलम २७ प्रमाणे महिला डॉक्टरच हवी, आणि तिच्या विश्वासाचं कुणी सोबत. तसं कुणी नसेल तर संस्थाप्रमुखानं नेमलेली स्त्री.

संमती तीन गोष्टींची वेगवेगळी घ्या: तपासणी, उपचार, पुराव्याचे नमुने. प्रत्येक पायरीआधी काय करणार ते सांगा. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून 'सवय' ठरवणं, करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं स्पष्ट म्हटलंय. 'लैंगिक संबंधाची सवय' हे शब्द तुमच्या पेनातून उतरता कामा नयेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून ड्युटी रूममध्ये ठेवा. नमुने घ्यायची ९६ तासांची मुदत, कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये नाही, हे सगळं त्यात आहे. मी इथे पुन्हा लिहीत बसत नाही.

लिहिण्यावर मात्र थांबते, कारण कोर्टात तुम्ही नसता, तुमचा कागद असतो. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहा. "मला कोंडून घालायले" असं ती म्हणाली तर तसंच, अवतरणात. त्याचं सुबक भाषांतर करू नका. इजा सापडली नाही तर 'इजा नाहीत' एवढंच लिहा, 'अत्याचार झालेला नाही' असं नाही. ते ठरवणं आपलं काम नव्हे. तिची हकिगत दोनदा विचारली आणि दोनदा वेगळी आली, तर ती खोटारडी ठरत नाही. धक्का बसलेल्या माणसाची आठवण तशीच तुकड्यातुकड्यानं येते.

आणि वय. अशा प्रकरणात वयाच्या दाखल्यावर सगळा खटला फिरतो, आणि विकणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून तर सगळ्यांचं वय १९. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि काहीच नसेल तेव्हाच हाडांची तपासणी. एक्स-रेवरून सांगितलेल्या वयात दोन वर्षं इकडेतिकडे धरली जातात. तेव्हा एकच आकडा ठोकून देऊ नका, अंदाजाची मर्यादा लिहा. तुमच्या घाईच्या '१९ वर्षे' या नोंदीनं एक अल्पवयीन मुलगी सज्ञान होते आणि पोक्सो गळून पडतो.

उपचारांचं थोडक्यात. ७२ तासांच्या आत असेल तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध लगेच, २८ दिवस, आणि २८ दिवस ती गोळ्या कुठे ठेवणार हेही विचारा. तातडीचं गर्भनिरोधक, हिपॅटायटिस बीची लस, लैंगिक आजारांचे उपचार, गर्भधारणेची तपासणी. गर्भपात हवा असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार पीडितांना आणि अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत करता येतो, २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. गर्भाचे अवशेष डीएनएसाठी द्यायचे असतील तर फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. ही चूक मी स्वतः होताना पाहिली आहे, आणि नमुना वाया गेला. आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, समुपदेशकाशी दोस्ती ठेवा. जिल्ह्यातल्या या जगाची त्यांना जेवढी खबर असते तेवढी कुणाला नसते.

एक त्रासदायक गोष्ट. आपली गावं लहान. वॉर्डातल्या मामाचा साडू त्याच गावचा निघतो आणि संध्याकाळपर्यंत बातमी चौकात पोचते. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, हे शिपायापासून लॅबपर्यंत सगळ्यांना सांगा, आणि वॉर्डात मोबाइल बाहेर काढणाऱ्यावर खुशाल ओरडा. केसपेपरवर 'पोलीस केस, वेश्या' असं लाल शाईनं लिहिलेलं मी पाहिलंय. तो कागद हातात घेऊन ती बाई एक्स-रेच्या रांगेत उभी होती.

साक्षीला जाण्याची भीती सगळ्यांनाच असते. मला पहिलं समन्स आलं तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. कोर्टात वकिलानं विचारलं, "तुम्ही किती अशा केसेस पाहिल्यात?" मी म्हटलं, "ही दुसरी." तो हसला. पण कागद नीट होता, त्यामुळे पुढे त्याला फारसं विचारायला उरलं नाही. प्रवासभत्ता मात्र अजून मिळायचाय.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एवढं करा: हिंसाग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला स्वतः जाऊन या, चहा प्या, तिथल्या केसवर्करचा नंबर घ्या. विधी सेवा प्राधिकरणाचा, बालकल्याण समितीचा नंबर घ्या. अत्याचार पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेला कागदपत्रं काय लागतात ते विचारून ठेवा. ही यादी ड्युटी रूमच्या कपाटाला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता कुणाला काही आठवत नाही.

गेल्या वर्षी एक बावीस-तेवीस वर्षांची बाई आली होती, पायाच्या जखमेसाठी. सोबत एक माणूस, तो खिडकीवर. पहिल्या दिवशी तिनं सगळ्याला "बरं हाय" म्हटलं. दाराच्या प्रश्नावर थोडी थांबली, मग "बाहेरून" म्हणाली आणि लगेच पायाकडे बघायला लागली. तीन दिवसांनी ड्रेसिंगला ये म्हटलं. आली. माणूस पुन्हा खिडकीवर, या वेळी आमच्या क्लार्कनं त्याला झेरॉक्सला पिटाळलेलं. ड्रेसिंग चालू असताना ती म्हणाली, "म्याडम, आईला फोन लावून देता का?" आईला कळलं तर चालेल ना, घरात दुसरं कोण उचलेल का, हे विचारून घेतलं. नंबर तिला पाठ होता. नऊ आकडे भराभर सांगितले आणि शेवटच्यावर अडकली. डोळे मिटून दोनदा पुटपुटली, तरी येईना. सिस्टरनं दार लावलं, स्वतःचा मोबाइल काढला आणि शून्यापासून सुरुवात केली.